पाठमोरे पात्र

नाट्यगृहात प्रेक्षकांकडे पाठ फिरवून बसण्याचा अधिकार एकाच पात्राला असतो. नायकाला तो नाही, खलनायकाला तर नाहीच. एखादा हौशी दिग्दर्शक नटाला कधी पाठमोरा उभा करतो, पण मागच्या रांगेतून लगेच "आवाज!" अशी आरोळी येते आणि नट मुकाट्याने वळतो. हे पात्र मात्र नांदीपासून भरतवाक्यापर्यंत रंगमंचाच्या अगदी कडेला, रसिकांकडे पाठ करून, नाक वर करून बसलेले असते. अंगाने काळे, बसके, पुढे जाळी; मागे वायरी खोचायची चारदोन भोके आणि फिरवायची एक खुंटी. नाट्यगृहात ज्याला त्याला टाळ्या मिळतात. अगदी पडदा अडकला तर पडदेवाल्यालाही मिळतात. याला आजवर कुणी टाळी दिल्याचे मी पाहिलेले नाही.

त्याला मॉनिटर म्हणतात. शाळेतला मॉनिटर मास्तरांच्या वतीने वर्गावर लक्ष ठेवतो. हा मॉनिटर गाणाऱ्याच्या वतीने गाणाऱ्यावरच लक्ष ठेवतो. म्हणजे त्याचा आवाज त्यालाच ऐकवतो.

"आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही की काय?" असे वाचकांपैकी कुणीतरी म्हणणारच. घरात येतो, न्हाणीघरात तर फारच चांगला येतो. पण रंगमंचाची गोष्ट निराळी. तिथले मोठे कर्णे गाणाऱ्याच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून असतात. गाणाऱ्याच्या वाट्याला येतो तो मागच्या भिंतीवर आपटून परतलेला शिळा आवाज. भिंत पंचवीस मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन पन्नास मीटर झाले. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, तेव्हा तो परतेपर्यंत सेकंदाचा जवळजवळ सातवा भाग उलटतो. विलंबित ख्यालात हे खपून जाईल. द्रुत लयीत मात्र तो आवाज मागच्या मात्रेची उधारी मागायला आल्यासारखा येतो.

आपल्याकडच्या शाहिरांना आणि गोंधळ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. डफावर थाप पडली की शाहीर एक हात कानाशी नेतो. तो काही नुसता ऐट म्हणून नेत नाही. तोंडातून निघालेला आवाज तळव्याच्या आडोशाने कानात वळवून घ्यायचा, हा त्यातला हेतू. माझ्या मते जगातला पहिला मॉनिटर हाच. वीज नाही, वायर नाही आणि बिघडायची भीती नाही. मराठीत 'कानांवर हात ठेवणे' याचा अर्थ 'मला काही ठाऊक नाही' असा कसा झाला, कोण जाणे. शाहीर हात ठेवतो तो ठाऊक करून घेण्यासाठी.

१९११ हे साल मराठी माणसाला आठवते ते खाडिलकरांच्या 'संगीत मानापमाना'मुळे. त्याच साली फ्रान्समध्ये एत्येन लोंबार नावाच्या कानाच्या डॉक्टराने एक शोध प्रसिद्ध केला. बोलणाऱ्याच्या कानात गोंगाट सोडला की तो नकळत आवाज चढवतो, आणि गोंगाट थांबवला की पुन्हा खाली आणतो. माणसाला आपण ओरडत आहोत याचा पत्ताही नसतो. या गोष्टीला आता लोंबारचेच नाव आहे. लग्नाच्या पंगतीत हा परिणाम फुकट पाहायला मिळतो. गायकाच्या बाबतीत मात्र तो फुकट पडत नाही. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की गळा आपोआप ताणला जातो, आणि ताणलेला गळा पहिल्यांदा सूर सोडतो. 'मानापमाना'च्या काळी ध्वनिवर्धक नव्हते, पण साथीदारही आजच्यासारखे विजेच्या जोरावर वाजत नव्हते. ऑर्गन आणि तबला मोजक्या अंतरावर, आणि गाणाऱ्याचा गळा त्यांच्यावर स्वार. पुढे वीज आली, सगळेच मोठे झाले आणि गाणारा आपल्या आवाजाला मुकला. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स मंडळींनी पंचावन्न हजारांवर लोकांसमोर गायन केले. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचे गाणे धड ऐकू येत नव्हते, कारण त्यांच्यापुढे असे पाठमोरे पात्र कुणी बसवलेलेच नव्हते.

एवढे पाल्हाळ लावण्याचे कारण आमची अक्का.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला आता पंचाहत्तरावे चालू आहे. ती मिरजेला असते, मी सांगलीला. मधले अंतर एवढे थोडे, की भांडण झाले तर संध्याकाळपर्यंत मिटवून परत येता येते. मुलींच्या शाळेत तिने तीस वर्षे गाणे शिकवले. तिथल्या एका हौशी मंडळात ती दरवर्षी दिवाळीच्या पहाटे दोन नाट्यपदे म्हणते. दोनच, तिसऱ्याचा आग्रह झाला तर "फराळ थंड होतोय तुमचा" म्हणून उठते. फराळ थंडच असतो हे तिलाही माहीत आहे.

गेल्या वर्षी दसऱ्याला सोने द्यायला गेलो, तेव्हा तिने पाट मांडता मांडता सांगितले, "यंदा मी गाणार नाही हं. पुढच्या रांगेत बसून ऐकीन."

"का ग? तब्येत?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? गळा गेला असेल, नाहीतर कान. दोन वर्षं झाली, ऐन भरात सूर हातचा सुटतो. तान घेतली की मधेच मी कुठं आहे तेच कळत नाही. लोक ऐकून घेतात, म्हातारी आहे म्हणून. ऐकून घ्यायला लावू नये रे माणसानं."

तिने कानाच्या डॉक्टरांनाही दाखवले होते. ते म्हणाले, वयोमानाप्रमाणे आहे. वयोमान हा शब्द डॉक्टर आणि आप्तेष्ट यांच्या फार सोयीचा. त्यापुढे कुणी प्रश्न विचारत नाही.

मी सरकारी आय.टी.आय.त रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा धंदा शिकवण्यात उमेद घालवली. त्या धंद्याचा एक परिणाम असा, की कुणी 'बिघडले' म्हटले की मी विचारतो, 'केव्हा?' आजारी माणसाला डॉक्टर 'कुठे दुखते' विचारतात; यंत्राला 'केव्हा' विचारावे. मी विचारले, "अक्का, घरी पेटीवर बसतेस तेव्हा होतं का ग असं?"

"घरी? छे! घरी कशाला होईल?"

"आणि मंडळात, मॉनिटर लावून, नुसत्या पेटीबरोबर?"

ती थांबली. तिने मनातल्या मनात दोन वर्षांच्या तालमी चाळल्या. "नाही," ती म्हणाली. "तबला सुरू झाला की होतं. म्हणजे लयच गेली की रे माझी!"

तिने त्यातून काढायचा तो अर्थ काढला. मी काढला तो निराळा. गळा किंवा कान म्हातारा झाला, तर तो पेटीबरोबर तरुण आणि तबल्याबरोबर म्हातारा, असा कसा होईल?

मंडळाचा साउंडवाला हा एक गुणी, हसतमुख पोरगा आहे. मला तो सर म्हणतो, अक्काला आजी. त्याला विचारले तर त्याने कानांवर हात ठेवले. मराठी अर्थाने, शाहिरी अर्थाने नव्हे. "सर, बाहेर एकदम क्लीन येतंय की! मागं उभा राहून ऐकतो मी. आजींना वाईट वाटेल म्हणून बोलत नाही, पण वयानं होणारच की." त्याचे काही चुकत नव्हते. त्याची जागा सभागृहाच्या मागे, मिक्सरपाशी. तिथे येणारा आवाज मोठ्या कर्ण्यांचा. मॉनिटर त्याच्याकडेही पाठ करूनच बसलेला! तालमीपूर्वी तो मॉनिटरपुढे वाकून "हॅलो, चेक, वन टू थ्री" म्हणे, आणि मॉनिटर इमानाने "वन टू थ्री" म्हणे. तबला त्यावेळी पिशवीत असे.

मिरज हे काही कानांचा दुष्काळ असलेले गाव नव्हे. अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहिले. तिथले तंबोरे देशभर जातात; २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की जवारी खुलते किंवा मिटते, आणि ते ओळखणारे कारागीर तिथे गल्लीत भेटतात. अशा गावात दोन वर्षे एका बाईचा आवाज तिच्यापुरता नाहीसा होत होता आणि कुणालाच कळले नाही. कळणार कसे? तो बिघाड ऐकू येण्याची जागा त्या साऱ्या सभागृहात एकच होती, आणि तिथे अक्का बसली होती. तिने सांगितले, तर लोक तिच्या वयाकडे पाहत. शेवटी तीही आपल्या वयाकडेच पाहू लागली.

पुढच्या तालमीला मी गेलो आणि अक्काच्या शेजारी रंगमंचावर चक्क पालथा पडलो, कान मॉनिटरच्या जाळीशी. अडुसष्टाव्या वर्षी हे आसन शोभत नाही. तबलजींनी तोंड फिरवून हसू लपवले ते मी पाहिले. अक्काला म्हटले, "नुसता षड्ज धर. तान नको, काही नको." तिने सा लावला. मॉनिटरमधून तो स्वच्छ, सरळ येत होता. मग तबला सुरू झाला. पहिली दोन आवर्तने काही नाही. तिसऱ्यात तबलजींना रंग चढला आणि डग्ग्यावर भरीव घुमारा पडला. तत्क्षणी एक बारीक 'टिक' झाली आणि सा नाहीसा झाला. अर्धा सेकंद असेल. परत आला. पुन्हा घुमारा, पुन्हा टिक, पुन्हा शांतता. तबला मात्र ऐकू येतच होता, कारण तो हातभर अंतरावर होता. त्याला मॉनिटरची गरज नव्हती. नाहीसा होत होता तो फक्त तिचा आवाज, आणि तोही नेमका समेवर, जिथे माणसाला स्वतःचा आधार हवा असतो.

मी अक्काकडे पाहिले. ती गातच होती. पण सा किंचित चढला होता आणि मानेच्या शिरा दिसू लागल्या होत्या. लोंबारसाहेबांनी १९११ साली लिहिले ते हेच.

मी जमिनीवरूनच हात लांब करून मॉनिटरच्या मागची खुंटी बोटाने एका बाजूला दाबून धरली. तबलजींना खूण केली, वाजवा जोरात. त्यांनी वाजवले. आवाज गेला नाही. बोट काढले, गेला. दुरुस्तीच्या धंद्यात असा क्षण महिन्यातून एकदा येतो, आणि त्यावर माणूस उरलेले एकोणतीस दिवस काढतो.

मंडळाच्या परवानगीने मॉनिटर सांगलीला आणला. घरी चकलीचे पीठ भिजले होते आणि जेवणाच्या टेबलावर फराळाचे डबे मांडले होते. मी चारच डबे बाजूला सारले. "अनारशांवर कथील सांडलं तर पाडव्याला ओवाळणार नाही," एवढी एकच अट घरातून आली. ती मान्य केली.

इथे घरातल्या उत्साही मुलांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. ज्या पेटीत कर्णा आणि त्याला चालवणारे वर्धकही असते, ती वायर काढल्याबरोबर उघडू नये. घरातली वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण तिचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि आतल्या टोपणांसारख्या डब्यांत, म्हणजे कपॅसिटरांत, ते साठून राहते. वायर काढली तरी पाहुणा आत असतोच. मी थांबलो, मीटर लावून काटा शून्यावर आल्याचे पाहिले आणि मगच हात घातला.

आता त्या खुंटीची गोष्ट. बाजारात तिला नुसते 'व्हॉल्यूम' म्हणतात, शहाणे लोक 'पॉट' म्हणतात. आत घोड्याच्या नालासारखा कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्याच्यावरून सरकणारी धातूची एक जीभ. बाहेर तीन पाय. पाटकरी पाटाचे पाणी वाटून देतो, तसे हिचे काम. पहिल्या पायाने पाणी येते, तिसरा पाय ओढ्याला लागलेला, आणि मधल्या पायाने रानात जाते. खुंटी फिरवली की रानात किती आणि ओढ्याला किती हे ठरते. रान म्हणजे पुढचे वर्धक. हे लक्षात ठेवले की बिघाड बोलून दाखवतो. ओढ्याचा पाय तुटला तर खुंटी कितीही मागे घ्या, आवाज पूर्ण उधाणलेला. सगळे पाणी रानात. पहिला किंवा मधला तुटला, तर रान कोरडे. आणि जिभेखाली धूळ साठली किंवा पट्टा घासला गेला, तर खुंटी फिरवताना तेवढी खरखर. अक्काच्या मॉनिटरमध्ये खुंटी स्थिर असताना आवाज जात होता, पूर्ण जात होता आणि परत येत होता. तेव्हा संशय पायांवर.

भिंग लावले. मधल्या पायाभोवती, जुने लोक ज्याला डाख म्हणत त्या डाखेत, केसाएवढी गोल भेग. पाय डाखेत उभा आहे पण तिला चिकटलेला नाही; खळग्यात रोवलेल्या सैल खुंटासारखा. शांत असताना टेकलेला, हादरा बसला की सुटलेला. आणि हादरा तरी कुणाचा? त्याच पेटीत, वीतभर अंतरावर, मोठा कर्णा! तबल्यापुढच्या माइकमधून घुमारा येई, तोच कर्णा तो वाजवी, त्याच धक्क्याने पेटी थरथरे, आणि पाय सुटे. मॉनिटर स्वतःच स्वतःचा गळा दाबत होता.

पण भेग पडलीच का, हे शोधल्याशिवाय डाख देणे म्हणजे भिंतीची ओल न काढता चुना लावणे. खुंटीची टोपी ओढून काढली. तिच्यामागे पॉटला पेटीच्या पत्र्यावर आवळून धरणारा एक चपटा नट असतो. तो नव्हताच. केव्हा सैल झाला, कोणत्या टेम्पोत पडला, देव जाणे. नट असतो तेव्हा खुंटीवर येणारा सारा जोर पत्रा सोसतो. नट गेला, की वायर ओढताना बसलेला धक्का, कुणाच्या पायाची ठोकर, घाईत पिळलेला कान, हे सगळे त्या तीन टाचणीएवढ्या पायांवर. दोन वर्षे त्यांनी ते सोसले, याचेच मला कौतुक वाटले.

पट्टाही तपासला. यासाठी मी माझा जुना काट्याचा मीटर वापरतो. नव्या मीटरवर आकडे असतात, आणि आकडे सावकाश खोटे बोलतात. काटा मात्र दचकला की दचकलेला दिसतो. खुंटी हळूहळू फिरवली तर काटा मधल्या टापूत तीनदा अडखळला. नेहमी त्याच टापूत ठेवलेली खुंटी, तिथेच झिजली. तेव्हा पॉटच बदलायचा ठरवला.

दुकानात गेलो. दहा हजार ओहमचा, 'ए' अक्षराचा पॉट मागितला. दुकानदाराने 'बी' पुढे केला. "दोन्ही दहा हजारच आहेत की हो सर, काय फरक पडतोय?"

फरक पडतो, आणि दिवाळीत तो समजावणे सोपे आहे. अंधाऱ्या खोलीत एक पणती लावा. मग दुसरी लावा. केवढा फरक! आता शंभर पणत्यांच्या रोषणाईत आणखी एक लावा. शेजाऱ्याच्या पोराशिवाय कुणाला कळणार नाही. आपली इंद्रिये वाढ मोजतात ती आधी असलेल्याच्या पटीत. जर्मनीत फेश्नर नावाच्या विद्वानाने १८६० साली या गोष्टीवर ग्रंथच लिहिला. कानाचेही तसेच. आवाज दुप्पट मोठा वाटायला शक्ती दुप्पट पुरत नाही, सुमारे दसपट लागते. म्हणून आवाजाच्या खुंटीतला पट्टा मुद्दाम विषम केलेला असतो. 'बी' सरळमार्गी: अर्धा फिरवला की अर्धा दाब पुढे. 'ए' कानाच्या स्वभावाने चालणारा: अर्धा फिरवला की दाबाचा जेमतेम दहावा-सातवा हिस्सा पुढे, आणि कानाला वाटते, हं, मध्यम झाले. 'बी' लावला तर पहिल्या पाव फेरीतच सगळा आवाज अंगावर येतो आणि उरलेली खुंटी नुसती शोभेची. काही जुन्या युरोपीय मालावर ही अक्षरे नेमकी उलट असतात, म्हणून मीटर लावूनच घ्यावा. दुकानदाराने हे सारे ऐकून घेतले, मागच्या खणातून 'ए' काढला आणि किंमत दोन कप चहाची घेतली. नट त्याने तसाच दिला. व्याख्यानाची दक्षिणा असावी.

बसवण्यात सांगण्यासारखे फारसे नाही. जुनी डाख तांब्याच्या जाळीने टिपून घेतली, भोके स्वच्छ केली, नवा पॉट आधी पत्र्यावर नटाने आवळला आणि नंतरच पायांना डाख दिली. हा क्रम उलटा केला, तर नट आवळताना ताज्या डाखेवर ताण येतो. राळेचा धूर चकलीच्या वासात मिसळला. पेटी बंद केली, रेडिओ जोडला आणि मुठीने पेटीवर डग्ग्यासारखे दणके घातले. बातम्या एका अक्षराने तुटल्या नाहीत. घरातून विचारणा झाली की दिवाळीत शिमगा कोण करतंय.

अक्काला मी फोनवर काहीच सांगितले नाही; नुसते "तालमीला ये" म्हटले. तिनेही विचारले नाही. मॉनिटर जागेवर बसला, साउंडवाला पोरगा या वेळी मागे न राहता तिच्या शेजारी येऊन बसला. पेटीने काळी चार धरली. गेली पन्नास वर्षे ती काळी चारातच गाते, आणि कुणी पट्टी उतरवण्याचे सुचवले तर तिला ते वय विचारल्यासारखे वाटते. पद सुरू झाले. तबला आला. तिसऱ्या आवर्तनात भरीव घुमारा पडला, आणि आवाज राहिला. पुढच्या समेवरही राहिला. तिने तान घेतली; सबंध तान, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, तिच्यापुढे स्वच्छ उभी राहिली.

आणि ती थांबली.

तबलजींचा हात वरच राहिला. मला वाटले, पुन्हा गेला की काय. पण मॉनिटरमधून तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"कापतोय रे," ती म्हणाली. "वरच्या षड्जावर आवाज कापतोय माझा."

तो कापत होता. दोन वर्षे नेमक्या त्या जागी तिला काही ऐकूच येत नव्हते. आता सगळे येत होते, त्यात हेही. डाख मी दिली होती, नट मी आवळला होता. या बाबतीत माझ्याजवळ काही हत्यार नव्हते. मी उगाच वायरीची गुंडाळी सरळ करू लागलो. पोरगा माझ्याकडे पाहत होता, तबलजी तबल्याकडे.

अक्काने पदर सारखा केला. "कापू दे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, गेला." मग पेटीवाल्यांकडे वळून, भाजीवाल्याला अर्धा पाव सांगावा तितक्या सहज म्हणाली, "पांढरी पाच घ्या."

काळी चार आणि पांढरी पाच यांत अंतर अर्ध्या सुराचे. पेटीवाले तिच्याबरोबर वीस वर्षे बसतात. त्यांनी ऐकले, पण बोटे जागची हलली नाहीत. तिने पुन्हा सांगितले, तेव्हा हलली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे पाच वाजता रंगमंचावर थंडी होती. गाण्यापूर्वी पोरगा वर आला आणि मॉनिटरमागे उकिडवा बसला. "आजी, किती ठेवू? तुम्ही सांगा." दोन वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच विचारले. ती सा लावत होती, तो खुंटी तसूतसूने फिरवत होता, आणि तिने मान हलवली तिथे थांबला. इतर गायक ठेवतात त्याच्या बरेच पुढे ती जागा होती. डॉक्टरांचे वयोमान अगदीच खोटे नव्हते. खूण करायला त्याच्याजवळ काही नव्हते. अक्काने समोरच्या पूजेच्या तबकातले कुंकू बोटावर घेतले आणि खुंटीच्या रेघेसमोर पत्र्यावर टेकवले.

तिने दोन पदे म्हटली. तिसऱ्याचा आग्रह झाला, तेव्हा फराळाचे कारण सांगितले.

मॉनिटर आता मंडळाच्या इतर कार्यक्रमांनाही जातो. ठिपका पुसट झाला आहे, पण दिसतो. यंदाच्या तालमी सुरू झाल्या आहेत, आणि पांढरी पाच ठेवायची की पुन्हा काळी चार करून पाहायची, यावर अक्काचा आणि पेटीवाल्यांचा वाद चालू आहे. पेटीवाले पांढरी पाचच्या बाजूचे आहेत.